तोंडात टाचण्या धरून फ्रेंच

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (कसाही असला तरी तू "बराय" असंच म्हणणार, हे ठाऊक असून विचारतो.) इकडे मी, तुझी भावजय आणि शिवणाचं मशीन, तिघंही कुरकुरत का होईना, चालतोय.

हसू नकोस, पण मी फ्रेंच शिकतोय. आपली नात परदेशात जावईबापूंची फ्रेंचच बोलते (लेकीला मराठी शिकवायला सवड नाही म्हणे). आता ती सुट्टीला येणार आणि आजोबा तिच्यापुढे नुसती मान डोलावत बसणार, हे काही मला सोसवेना. म्हणून दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे नाव घातलं. पहिलं क्रियापद मी मागूनच घेतलं, 'शिवणे'. 'आम्ही शिवतो' म्हणजे 'नू कूझों'. बाई टाळ्या वाजवून त्याची फोड करतात, एका टाळीला 'कू', दुसरीला 'झों'. 'ते शिवतात' लिहिताना मात्र शेवटी चांगली लांब शेपटी, आणि म्हणायचं नुसतं 'इल कूझ'. बाकीचे विद्यार्थी रडकुंडीला आले. मला चटकन उमगलं. शिवणीत आपण माया सोडतो तसंच हे, जादा कापड आत असतं, बाहेर दिसत नाही.

घरचा अभ्यास मी मशीनवरच करतो, टाळीऐवजी पायाने ठेका धरून. त्या नादात बँकेतल्या साहेबांच्या पँटचा एक पाय खालून बंद शिवला गेला. साहेबांनी ती दुकानातच घालून पाहिली आणि आरशाला मिठी मारून उभे राहिले. तुझी भावजय तेव्हापासून गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवते, की यांची परीक्षा होईपर्यंत कपडे जपून घाला.

पण उच्चारात, ताई, मी सगळ्यांच्या पुढे. त्यांचा एक 'यू' आहे, ओठांचा चंबू करून म्हणायचा. कुणाला जमेना, मला जमला, कारण मी काम टाकून तसाच वर गेलो होतो, तोंडात टाचण्या धरून. बाई खूश. पुढे कळलं, की टाचण्या काढल्या की चंबूही जातो. मग काय, फ्रेंच बोलायचं तर टाचण्या हव्यातच.

परवा फोनच्या पडद्यावर नात आली. मी टाचण्या धरल्या आणि ऐटीत विचारलं, "त्यू कू?" म्हणजे, तू शिवतेस का? पोरगी टक लावून बघत राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आधी तोंडातलं काढ, मग बोल."

मी टाचण्या काढल्या. चंबूबरोबर फ्रेंचही गेली.

तुझा,
धाकटा

ता. क. वाक्य ओळखलं. लहानपणी मी बाबांची बटणं तोंडात घोळवत बोलायचो, तेव्हा तू हेच, अगदी याच सुरात म्हणायचीस. म्हणजे फोनवरून गुपचूप तिला मराठी शिकवतेस तर. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

आणखी एक ता. क. आता खरं काम. बाकी सगळं शिकव, पण 'शिवणे' तेवढं राहू दे. ते मी तिला इथे मशीनजवळ, मांडीवर घेऊन शिकवीन. टाचण्या काढून.