पूल सुस्थितीत आहे

शुक्रवार, २ मार्च १९७३. शेवगाव

डेप्युटी इंजिनिअरसाहेबांनी सकाळीच बोलावलं. दिल्लीहून वाहतूकमंत्री येणार — नऊ तारखेला. दुष्काळी दौरा. बाजार समितीच्या पटांगणात लोकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरं देणार म्हणे! मालगाड्यांच्या वाघिणी कमी पडतात, म्हणून धान्य — मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी — आता रस्त्यानं. दहा-दहा टनांचे ट्रक जुन्या रस्त्यांवर सोडायचं देशाचं धोरण ठरलंय. त्यावर लोक विचारणारच.

आमच्या भागातल्या रस्त्या-पुलांच्या चिठ्ठ्या ओव्हरसिअर म्हणून मी तयार करायच्या. प्रश्न लोकांचे, उत्तरं आमची, तोंड मंत्र्यांचं.

४ मार्च

रविवार असून पुलावर गेलो. इंग्रजांच्या वेळचा, काळ्या दगडाचा, पाच कमानींचा. नदीत पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या खांबाची भेग आता बोट जाईल एवढी. पुंजाराम मुकादम सोबत होता. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटात बसवली. खांब हलला तर काच फुटते. साधी गोष्ट — काच खोटं बोलत नाही.

नदीच्या पात्रात दुष्काळी कामावरच्या पन्नासेक बाया खडी फोडत होत्या. उन्हात. सावली म्हणाल तर एक पुलाचीच. पण तिथं कुणी बसत नव्हतं. राहीबाई म्हणून एक आहे, त्यांच्यातली म्होरकी. म्हणाली, "वरून टरक गेला की वाळू झडती, साहेब. पोरींना म्या खाली बसू देत न्हाई."

५ मार्च

काच फुटली.

६ मार्च

चिठ्ठी लिहून नेली. 'तिसरा खांब खचत आहे. सहा टनांवरील वाहनांस पूल अयोग्य.' साहेबांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रंगनाथराव, पूल बंद म्हणजे धान्याला वीस मैलांचा वळसा. पलीकडच्या सोळा गावांत मिलो पोचला नाही तर कुणाचं नाव येईल?"

मी म्हणालो, "पण साहेब, काच —"

"काच उन्हानंही फुटते."

मग त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'पूल सुस्थितीत असून वाहतुकीस योग्य आहे.' खाली सही माझी. आठ वर्षं टेंपररी आहे मी. मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी तो दाखवला नाही. फक्त त्यावर चहाची बशी ठेवली.

८ मार्च

'सहा टनांपेक्षा जास्त भार नेऊ नये' ही पाटी काढायचा हुकूम. पुंजारामनं उपटली. विचारलं, "ठिवू कुठं?"

९ मार्च

झालं एकदाचं.

पटांगण गच्च. मंत्री साठीचे, मराठीच. पण दिल्लीत राहून बोलण्यात हिंदी मुरलेली. माणूस वाईट वाटला नाही. मी मागच्या खुर्चीवर, चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडीवर. प्रश्न आला की चिठ्ठी पुढे सरकवायची.

एका व्यापाऱ्यानं विचारलं, "शेवगावला रेल्वे कधी?" सगळे हसले. मंत्रीही हसले — "पाहणी चालू आहे." आप्पासाहेबांनी, सोसायटीच्या चेअरमननं, वाघिणींचं विचारलं. रेल्वेनं धान्य बेलापुरापर्यंत येतं, मग तिथंच आठ-आठ दिवस का पडतं? मंत्र्यांनी सरळ कबूल केलं — "म्हणूनच ट्रक. देशभर हेच करतोय. रस्ता असेल तिथं धान्य जाईल."

मग मागून राहीबाई उठली. पदर खोचलेला, हाताला चिंध्या बांधलेल्या.

"तुमी म्हनता रस्ता हाय तितं टरक जाईल. आमच्या पुलावरनं जात्योय. खाली आमी खडी फोडतो. त्यो पूल टिकंल का, येवडंच सांगा."

मी चिठ्ठी दिली. मंत्र्यांनी वाचली — मोठ्यानं नाही, मनात. मग मागं वळले.

"ही सही कोणाची?"

मी उभा राहिलो.

"तुम्ही स्वतः बसाल त्या पुलाखाली?"

अपेक्षित नव्हतं हे! डेप्युटीसाहेब समोरच्या रांगेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणालो — "हो."

मंत्री लोकांकडे वळले. "ऐकलंत? तुमचे ओव्हरसिअर स्वतः बसायला तयार आहेत. पूल सुस्थितीत आहे!" टाळ्या. राहीबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली, आणि म्हणाली, "मंग झालं."

ती मान मला दिसतेय अजून.

११ मार्च

काल गेलो नाही. आज गेलो. सगळ्या बाया पुलाखाली! तिसऱ्या कमानीत सावली सगळ्यांत दाट — तिथंच. तान्ही पोरं झोळीत. पुंजारामला म्हटलं, "उठव यांना." तो म्हणाला, "कसं उठवू? मंत्र्यासमूर तुमीच सांगितलं न्हवं?" राहीबाईनं हाक मारली — "साहेब, तुमच्यामुळं सावली गावली बगा!"

तसाच सायकलवर बसून परत आलो.

१४ मार्च

आधी दिवसाला पाच-सहा ट्रक जायचे. आज बावीस. नवी काच बसवली होती, ती संध्याकाळपर्यंत फुटली. सिमेंटसकट निघून आली.

१६ मार्च

साहेबांकडे फुटकी काच घेऊन गेलो. रुमालात. त्यांनी रुमाल उघडलाच नाही.

"मंत्र्यांनी चार हजार माणसांत सांगितलंय. पेपरात आलंय. आता काय, मंत्र्यांना खोटं पाडायचं? आता पुलानंच टिकायला पाहिजे, रंगनाथराव."

पुलानंच टिकायला पाहिजे!

१८ मार्च

होळी. लाकूड कुठलं! चार गोवऱ्या पेटवल्या. बोंब मारायलाही कुणाला जोर नव्हता.

१९ मार्च

बायकोनं, पुष्पावतीनं, ताट पुढे ठेवलं आणि उचलू दिलं नाही. "चार दिवस बघते आहे. काय झालंय?" सांगितलं सगळं. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "त्या बायांना कधी सांगणार?"

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"नोकरीचं मी विचारलं नाही."

२१ मार्च

अकरा वाजता पुलाखाली जाऊन बसलो. तिसऱ्या कमानीत, खांबाला पाठ लावून. बाया हसल्या. लंकाबाई म्हणून म्हातारी आहे, तिनं हातोडी पुढे केली — "घ्या, फोडा वाईच!"

वरून ट्रक गेला. पाठीतून कळलं मला. दगड दगडावर घासल्याचा आवाज, दातओठ खाल्ल्यासारखा. मानेवर वाळू पडली, आणि वाळूबरोबर चुन्याचा खपला. दुसरा ट्रक. पुन्हा. शेजारच्या झोळीतलं पोर दचकून रडायला लागलं.

उठून उभा राहिलो. म्हणालो, "मी खोटं बोललो. पूल सुस्थितीत नाही. उठा सगळ्या. आत्ता उठा."

कुणी हललं नाही. हातोड्या थांबल्या तेवढ्या. राहीबाई जवळ आली. वाटलं, थोबाडीत मारते.

"खोटं? मंत्र्यासमूर?"

"हो."

"आन् आमी धा दिस लेकरं घिऊन हितं बसलो."

"हो."

तिनं वर कमानीकडे पाहिलं. मग झोळी सोडली, पोर काखेला मारलं आणि एवढंच म्हणाली, "चला गं." सगळ्या निघाल्या. लंकाबाईला मी हाताला धरायला गेलो. तिनं हात झटकला.

वाटलं, संपलं. पण राहीबाई पात्रातून चढून रस्त्यावर गेली. मागून बाया. फोडलेली खडी पाट्यांनी वाहून त्यांनी पुलाच्या तोंडावर ओतायला सुरुवात केली! अजून मापं व्हायची होती त्या खडीची. मापाशिवाय मजुरी नाही; आठ दिवसांचं काम होतं ते. मी पाटी उचलली. पुंजाराम बघत उभा होता, मग तोही आला. दोन्ही तोंडांवर कमरेएवढे ढीग.

चारच्या सुमाराला ट्रक आला. ड्रायव्हर कानिफनाथ — उतरून शिव्या द्यायला लागला. "अवो, मिलो हाय! तुमच्याच मानसांचा!" राहीबाई म्हणाली, "मानसांचाच हाय ना? मंग मानसं नेत्याल." पलीकडच्या गावांत निरोप गेला. गडी आले. एकेक पोतं पाठीवर, पात्रातून पलीकडे. अंधार पडायच्या आत ट्रक रिकामा.

२२ मार्च

डेप्युटीसाहेब पोलीस घेऊन आले. मला हातात कागद दिला — निलंबित. खडी हटवायचा हुकूम. बाया ढिगावर चढून बसल्या. फौजदारानं विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून बसलात?" राहीबाई म्हणाली, "मंत्र्यानं सांगितलं तवा पुलाखाली बसलो. आता आमच्या मनानं वर बसलो."

फौजदारानं एकदा पुलाकडे पाहिलं आणि शिपायांना म्हणाला, "उद्या बघू."

२३ मार्च

ढीग आहेत तसे. पोती पाठीवर. मी घरी. पूल उभा आहे. रात्रभर मनात येत होतं — पडलाच नाही तर?

२४ मार्च

पडला. दुपारी तीनला. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. पुंजाराम सायकल मारत सांगायला आला. तिसरा खांब गुडघ्यात वाकल्यासारखा बसला म्हणे, आणि दोन कमानी त्याच्यामागं. धुरळा खाली बसायला पाव तास लागला.

पुष्पावती ओट्याशी उभी राहून रडली. मला रडू आलं नाही.

२६ मार्च

आप्पासाहेब हार घेऊन आले. घातला नाही मी. राहीबाई दारावरून गेली. थांबली नाही. बरोबर आहे तिचं. त्या झोळ्या तिथं मीच बांधवल्या होत्या.

२ एप्रिल. नगर

चौकशीला बोलावलं होतं. अधिकारी म्हातारे, शांत. सगळं विचारलं, सगळं लिहून घेतलं. मग कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी सगळ्या भागांतून आलेल्या चिठ्ठ्या. एकतीस पूल. एकतीस सह्या. आणि प्रत्येकीत तेच वाक्य, शब्द न शब्द — 'पूल सुस्थितीत असून वाहतुकीस योग्य आहे.'

मी विचारलं, "हे बाकीचे तीस कुणी तपासलेत?"

"तुमचा तुम्ही तपासला होताच की," ते म्हणाले, आणि फाईल बांधली.

संध्याकाळच्या एस.टी.नं परत निघालो. गाडी खच्चून भरलेली, माणसं दारात लोंबकळत. मला बसायला जागा मिळाली होती. वाटेत पूल लागला, त्या तिसांतला एक. कंडक्टरनं विचारलं, "असे उभे का राहिलात? बसा की."