रेशमाच्या कडेचा मोर

पंचवटी, नाशिक

अब्बा, तुमच्या अलिशाचा सलाम. कशिश, त्यांना सावकाश वाचून दाखव.

मी बरी आहे. डबा चांगला मिळतो. शिक्षिका व्हायचं तर कॉम्प्युटरवर चित्रंही करावी लागतात. काल पक्ष्यांचा तक्ता होता. सगळ्यांनी तयार मोर लावला. मी तुमच्या पैठणीच्या नक्षीसारखी खालून वर एकेक चौकोन भरत बसले. तास संपला तेव्हा मोर गळ्यापर्यंतच आला होता. सर रागावले.

तुमच्या डोळ्यांवर आता इलाज नाही, हे कशिशनं कळवलं. माग झाकून ठेवलात का?

मोर आज पुरा केला. छापून पाठवतेय. मोराच्या कडेनं, चौकोनाचा एकेक कोपरा धरून, येताना आणलेलं तुमच्या मागावरचं रेशीम चिकटवलंय. बोटांनी बघा. चौकोन चुकला असेल तर सांगा.

तुमचीच,
अलिशा