काळ्या दगडाचे वाटे

३ एप्रिल १९७३, धाड

ड्रिलिंगचं यंत्र आलं एकदाचं, कॉम्प्रेसरसकट. धाडजवळच्या या वस्तीवरची बोअरची जागा मी एकट्याने निवडलेली, आयुष्यातली पहिलीच. आजवर खात्यातले माझे साहेब बोट दाखवायचे आणि मी खुंटी ठोकायचो. बायकांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा मला. इथल्या दोन्ही विहिरी आटल्यात, टँकर येईल तेव्हा येतो. सगळे माझ्याकडेच बघतात. आनंदाने जेवण गेलं नाही.

४ एप्रिल

मुरूम संपला, लाल मातीचा थर गेला, आता काळा पाषाण. घट्ट. भोकातून हवेच्या जोराने भुकटी उडते, तिच्यात कपच्या. एक रॉड खाली गेला की एक ढीग. मी ढीग पळसाच्या पानांवर ओळीने मांडतो, म्हणजे कोणता दगड किती खोलीचा ते कळतं. मग मूठभर धुवायचं, भिंगाखाली धरायचं. साहेबांना हे काम रटाळ वाटतं. मला नाही. जे अजून कुणीच पाहिलेलं नाही ते आधी मला दिसतं, याहून काय हवं.

ड्रिलर गणपतराव, खामगावकडचे, हसतात. "साहेब, दगडात काय पाहून राह्यले? पानी असन तं आपोआप दिसन."

५ एप्रिल

काळा, काळा, काळाच. मंजुरी दोनशे फुटांची, आज तिथवर पोचलो. भुकटी कोरडी ठणठणीत. गणपतराव म्हणाले, आता सामान आवरायचं, पुढचा बोअर वडनेर भोलजीला. निम्मे ढीग तपासायचे राहिले, उजेड गेला. सकाळी बघतो. एवढ्यात हार मानायची नाही, पण

६ एप्रिल

सकाळी ढीग गायब. एकही नाही. पानंसुद्धा नाहीत.

वस्तीतल्या पारबताबाई शांतपणे म्हणाल्या, "वाटे व्हते ना ते? पानावर, सारखे सारखे. घरटी एक उचलला. भांडे काय झ्याक निंघतात हो त्यानं."

खरंच की. आमच्याकडेही मटणाचे वाटे असेच पडतात, पानावर, सारखे. या दिवसांत सरकारी माणसाने असं काही मांडून ठेवल्यावर कोण सोडील? डोक्याला हात लावला, मग हसूच फुटलं. वस्तीभर पितळ लखलखतंय, थेंबभर पाणी न घालता कोरडंच घासलेलं.

घरोघर फिरलो. बहुतेकांकडे मूठ-दोन मूठ उरलेली, सगळीकडे तोच दगड. पारबताबाईंची सून शांता, तिच्या करवंटीतलं मात्र भिंगाखाली धरलं आणि पुन्हा उन्हात नेऊन बघितलं. कपच्या काळ्याच, पण एक बाजू तांबूस, गंज चढल्यासारखी. ती भेगेची बाजू. पाणी खेळल्याशिवाय दगडाला असा रंग येत नाही. या घट्ट दगडात भेग आहे.

पण किती खोलीवर? शांता म्हणते, "शेवटचा उचलला म्या, कडंचा." सासू म्हणते, "खोटं नको बोलू. कडंचा मी घेतला, तुहा मधातला." मधला असेल तर भेग आपण कोरडीच ओलांडून आलो, म्हणजे विषय संपला. शेवटचा असेल तर भेग आत्ता कुठे लागते आहे. दोघींची तिथेच जुंपली. मी मध्ये, करवंटी धरून.

७ एप्रिल

सकाळीच सुचलं. आधी का सुचलं नाही, गाढवच मी. दगड फोडणारा बिट जसजसा बोथट होतो तसतशी भुकटी बारीक येते, आणि आमचा बिट बदललेलाच नाही. सासूची भुकटी एका पानावर, सुनेची दुसऱ्या पानावर. चिमटीत घेऊन चोळल्या. सुनेची बारीक. पुन्हा चोळल्या. बारीकच, म्हणजे जास्त खोलीची. अर्थात उन्नीसबीसचा फरक, शपथ घेण्यासारखा नाही. तरी सून खरी. हे पारबताबाईंना सांगितलं नाही.

गणपतरावांना म्हटलं, दोन रॉड अजून घाला.

"मंजुरी नाही ना, साहेब."

"सही मी करतो."

"काऊन हट्ट करता? कोरडं निंघालं तं पुढच्या जागेवर तुमाले कोनी इचारनार नाही." ते खरंच आहे. साहेब पुन्हा खुंटी ठोकायलाच लावतील. तरी हो म्हणालो. त्यांनी बिडी विझवून कानामागे खोचली. मग, "चला मंग. उद्या लावू."

८ एप्रिल

पहिला रॉड, काही नाही. धुरळा. माझ्याकडे बघणं लोकांनी सोडून दिलं, ते जास्त लागलं.

दुसरा निम्मा गेला आणि भुकटी उडायची थांबली. मला वाटलं यंत्र बिघडलं. गणपतरावांनी हात वर केला, सगळे गप्प. मग भोकातून काळे ओले गोळे पडायला लागले. मी एक उचलून मुठीत दाबला, तसाच राहिला. जिभेला लावला. माझं गाव वरवट बकाल, तिथे विहिरी भरलेल्या असल्या तरी पाणी खारट, चहासुद्धा खारट. हे गोड आहे. चिखल खाऊन रडू येईल असं वाटलं नव्हतं.

"ओल हाये. पानी म्हनू नका अजून," गणपतराव म्हणाले. त्यांनी यंत्र बंद केलं. किती साठतं ते बघायला हवं, तोवर भोकाशी कुणी यायचं नाही.

वस्ती लांब उभी आहे. दगडाला हसणारे गणपतराव भोकातल्या पाइपाला कान लावून जमिनीवर आडवे झालेत. मी काही विचारलं की हातानेच गप्प बसवतात.