लाल डबीतल्या गोळ्या

ता. ४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरी तुमच्याकडे सुखरूप पोहोचल्याचं ह्यांनी परत येऊन सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. बाळंत होईपर्यंत पलंगावरून हलायचं नाही अशी डॉक्टरीणबाईंनी तंबी दिली आहे, म्हणून पाच वर्षांची पोर तुमच्या गळ्यात टाकली. नाहीतर तिला नजरेआड करायची माझी छाती नव्हती. तिचा मधुमेह कळून वर्षही झालेलं नाही आणि मी अजून रोज नव्याने घाबरते.

ह्यांनी सगळं सांगितलं असेलच, तरी लिहिते. सकाळी तुमच्या कोपऱ्यावरच्या कंपाउंडरांकडून इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि त्यानंतर अर्ध्या तासात खाणं, मग ती कितीही नखरे करो. लघवी तपासायच्या नळीचा रंग निळा राहिला तर उत्तम. विटकरी झाला तर साखर वाढली.

आणि लाल डबी. तिच्यात तुमच्याच कारखान्यातल्या साखरेच्या गोळ्या आहेत. ती डबी भिंगरीजवळ हवीच हवी. तिला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, काहीबाही बरळायला लागली, तर साखर उतरली समजायचं आणि दोन गोळ्या तोंडात द्यायच्या. विचार करत बसायचं नाही. एरवी दिवसभर जी साखर तिची वैरीण, तीच त्या दहा मिनिटांत तिला वाचवते. हे माझ्याच डोक्यात शिरायला दोन महिने लागले.

दुधाचं मात्र माझं काही ठरत नाही. साखर घालायची नाही हे नक्की. पण साखरेऐवजी त्या गोड करणाऱ्या बारीक टिकल्या एवढ्याशा पोरीला रोज द्याव्यात का? शेजारीण म्हणते, विष आहे ते. डॉक्टर म्हणतात, बेताने दिल्या तर घाबरण्यासारखं काही नाही, पण त्यापेक्षा गोडाची सवयच कमी करा. मला दोन्हींची भीती वाटते. तुम्ही चाळीस वर्षं गोडात काढलीत, तुम्हीच सांगा.

माया तर तुम्ही न मागता देता. इंजेक्शनच्या वेळी तेवढा तिचा हात धरा.

तुमची,
बेबी


ता. १२ जानेवारी

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे कारखान्याच्या भिंतीवरची नियमावलीच. मी ते खरोखरच स्वयंपाकघरात टांगलं आहे. भिंगरी त्याच्याखाली उभी राहून मला जाब विचारते. कंपाउंडरची तर तिने पार दैना केली आहे. सुई टोचण्याआधी तो हल्ली तिची परवानगी मागतो.

दुधाविषयी विचारलंस. पहिले तीन दिवस बाईसाहेबांनी बिनगोडाचं दूध खिडकीतल्या कुंडीला पाजलं. मग मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या दोस्ताकडून ती साखरेऐवजी वापरायची पावडर आणली. डिंकात मळून, गोळ्या पाडायच्या माझ्या जुन्या साच्यात दाबली. अगदी हुबेहूब गोळी! भिंगरीला पत्तासुद्धा लागला नाही. बेबी, माझं मत विचारशील तर साखर नकोच. साखरेने आपलं घर चालवलं हे खरं, पण तुझ्या आईला तिनेच नेलं. आधी पाय गेला, मग डोळे, मग ती. तेव्हापासून साखरेचं पोतं नुसतं दिसलं तरी मी रस्ता बदलतो.

तुला सांगणार नव्हतो, पण लपवून तरी काय करू. गेल्या गुरुवारी नळी विटकरी झाली. माझ्या हातून ती फुटायचीच बाकी होती. लाल डबीतल्या चार गोळ्या गायब होत्या आणि चोर टेबलाखाली ओठ पुसत बसला होता. मी रागावलो नाही. मला तिच्या जागी तुझी आई दिसली.

आता त्याचा पक्का बंदोबस्त केला आहे. डबी तिच्याजवळच आहे, तू म्हणालीस तशी. खुशाल चोरून खाऊ दे. कसा बंदोबस्त ते भेटीत सांगेन, पत्रात लिहिलं तर तू पलंगावरून उठून इकडे येशील. नळी त्या दिवसापासून निळी आहे.

स्वतःला जप. म्हाताऱ्याची आठवण काढत जा.

तुझे,
बाबा


ता. २२ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे आधीच आला तुमचा नातू, पण आवाज असा आहे की अख्खी चाळ जागी होते. आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे धावतपळत भिंगरीला न्यायला आले आणि तुम्हाला नीट बोलायलाही वेळ दिला नाही, त्याचा राग मानू नका. मला तिला बाळ दाखवायची घाई झाली होती. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि ह्याला दात कधी बसवणार म्हणून विचारलं.

काय जादू केलीत हो? पोरगी बिनगोडाचं दूध मुकाट पिते. आता काही घालू नकोस, सवय झाली, म्हणते. डॉक्टरांचंच खरं निघालं.

कालपासून शाळाही सुरू झाली. लाल डबी उघडून पाहिली, तर तुम्ही काठोकाठ भरून दिलीत. तिच्या बाईंना घरी बोलावून ती त्यांच्या हवाली केली. घाम, थरथर, बरळणं, सगळं पढवून ठेवलं. डबी बाईंच्या टेबलाच्या खणात आहे म्हटल्यावर मी काल दुपारी दोन तास गाढ झोपले. वर्षभरात पहिल्यांदा.

नातवावर आणि त्याच्या आईवर तुमचा हात असू द्या.

तुमची,
बेबी


ता. २३ जानेवारी, रविवार

चि. सौ. बेबी,

आशीर्वाद लिहायचीही लाज वाटते. आधी हे वाच. लाल डबीतल्या गोळ्या खोट्या आहेत. ती डबी कुठे असेल तिथून काढ आणि तिच्यात साखर भर. मग पुढचं वाच.

त्या चोरीनंतर मी डबीत माझ्या पावडरीच्या गोळ्या भरल्या आणि साखरेच्या खऱ्या आठ कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. भिंगरी जाईल तिथे मी जात होतो आणि मी जाईन तिथे खिसा. साखर उतरली असती तर खिशातून काढून दिली असती. तुला सगळं सांगून डबी बदलायची हे मनाशी घोकलेलं होतं. जावईबापू आले, अर्ध्या तासात गाडी होती. मी तिला पोहोचवायला स्टेशनवर जाताना इस्त्रीचा सदरा चढवला. पुडी जुन्या सदऱ्यात राहिली. आज तो धुवायला काढला आणि पुडी हाताला लागली.

पाच दिवस, बेबी. पाच दिवस माझी नात नुसता गोड खडू जवळ बाळगून फिरते आहे.

तारघराला आज कुलूप आहे. तिथल्याच पायरीवर बसून हे लिहितो आहे. उद्या दार उघडताच तार करतो. हे पत्र आधी पोहोचेल की तार, की काहीच वेळेवर पोहोचणार नाही, कोण जाणे. मी साखरेला एवढा भ्यालो की साखर कशासाठी होती तेच विसरलो.

बाबा


ता. २५ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. भिंगरी बरी आहे. माझ्या शेजारी बसून बाळाच्या पायाची बोटं मोजते आहे.

तुमची तार काल दुपारी अडीचला आली. जे व्हायचं ते बाराला होऊन गेलं होतं. घसरगुंडीवर खेळून आली आणि बाकावर बसली ती घामाने निथळतच. बाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन गोळ्या दिल्या. पाच मिनिटं थांबून आणखी दोन. थरथर वाढतच गेली, डोळे जड व्हायला लागले. आणि ही बरळत होती की खऱ्या गोळ्या आजोबांच्या खिशात, खऱ्या गोळ्या आजोबांच्या खिशात. दुसरं कोणी असतं तर बरळणं म्हणून सोडून दिलं असतं. बाईंनी एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. आधी गोड लागली आणि मागून जीभ कडू झाली. त्या उठून धावल्या, चहाच्या कपाटातली साखर पाण्यात ढवळून आणली आणि चमच्याचमच्याने तिच्या गालात सोडली. दहा मिनिटांनी हिने विचारलं, की घसरगुंडीवर आता कोणाचा नंबर आहे.

बाबा, तुमचा इतका राग आला की तार फाडून टाकली. बाई तशा नसत्या तर, ह्याच्यापुढे मला विचारच करवत नाही.

काल संध्याकाळी तिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, पहिल्याच गोळीला, मागून कडू लागते, आणि खऱ्या खिशात ठेवताना मी पाहिलं होतं. मग आजोबांना बोलली का नाहीस? तर म्हणाली, आजोबा खूप घाबरले होते, त्यांची युक्ती जमली असं त्यांना वाटावं म्हणून मी रोज एक चोरून खात होते. पाच वर्षांची पोर तुमची समजूत घालत होती, बाबा, आणि आपल्या दोघांनाही ती चोर वाटली. तेव्हा राग गेला आणि मी तिला पोटाशी धरून रडले. तुम्हाला भीती मीच पाठवली होती, त्या डबीबरोबर.

आता बाईंकडे साखर आहे, ह्यांच्या डब्यात आहे, माझ्या उशाशी आहे. तिला नवी डबी घेऊ का म्हणून विचारलं. डबी नको, आजोबांचा खिसाच पाठव म्हण, असं तिने सांगितलं आहे. तसंच्या तसं लिहिते.

रागासकट तुमचीच,
बेबी


ता. २७ जानेवारी

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

रविवारच्या गाडीने येतो. साचा दोस्ताला देऊन टाकला. तोच जुना सदरा घातला आहे आणि खिशाला बटण लावून घेतलं आहे. पुडीतली एक गोळी आज मोडून चाखली. खरी आहे. तरी वाटेत प्रत्येक स्टेशनला हात लावून बघणार.

भिंगरीला सांग, खिसा निघाला.

बाबा