झांथीचा सामना

आसिमिनाताई,

आज फुटबॉलचा शेवटचा सामना खेळलो. एकोणीस वर्षांत गुडघे पार झिजले. आता तरी खरं लिहितो.

आई गेली त्या दिवशी माझा फोन बंद नव्हता. "आई तुझं नाव घेतेय, लगेच ये," हा तुझा मेसेज मी झांथी शहरातल्या स्टेडियमच्या ड्रेसिंग रूममध्ये वाचला होता. कावालाला आपल्या घरी तासाभरात पोचलो असतो. तेवढ्यात कोच म्हणाले, "स्तामातिस, आज मधल्या फळीत पहिल्यापासून तूच." दोन वर्षं बाकावर काढली होती, ताई. मी बुटाच्या नाड्या बांधल्या.

आम्ही जिंकलो. घरी आलो, तर आईचे डोळे मिटलेले. तू मला पोटाशी धरून मावशीला दटावलंस, "त्याला बोलू नकोस, बिचाऱ्याला कळलंच नव्हतं!"

मी तसाच रडत राहिलो.

तुझा दमलेला,
स्तामातिस