उतरंडीमागची भिंत

४ मार्च ५८. म्हसावद
खोलीचा पाया भरला. दिवाळीत जावई वारले, तेव्हापासून इंदू माहेरी. पोर किती दिवस ओसरीत लुगड्याचा पडदा लावून निजणार? खोली तिचीच. जुन्या मातीच्या भिंतीला टेकवून, म्हणजे नव्या तीनच. दार मात्र आतून, स्वयंपाकघरात उघडेल असे. चूल एक राहावी, एवढेच मागणे.

७ मार्च
लोटन गवंड्याने ओळंबा सोडला. दोरी मध्यावर भिंतीला चिकटते, खाली हात जाईल एवढी फट. "आबा, भिंतले पोट सुटेल शे."
म्हटले, "म्हातारी शे रे, मन्हासारखी. सांभाळी ल्हे."
हसला. पण वीट न् वीट तासून बसवावी लागते. जुनी माती भुरभुर गळते. जीव थाऱ्यावर नाही.

१० मार्च
सूनबाई गजरा माझ्याशी थेट बोलत नाही, भांड्यांना ऐकवते. "खोली बांधा, ना नही. दार बाहेरथीन ठेवा. मन्ही उतरंड हालनार नही." तिच्या मडक्यांची उतरंड नेमकी त्याच भिंतीशी, दार यायचे तिथे.
भिका खाली मान घालून, "आबा, दोन चुली ऱ्हायन्यात ते भांडन नही."
पोटचा मुलगा.
इंदू म्हणते, "माले एक खाट पुरस आबा. दार कथाईन बी ऱ्हावू द्या." दार कुठूनही चालेल म्हणाली, तेच जास्त लागले.

१५ मार्च
खांडबाऱ्याहून सागाची चौकट आली. लोटन म्हणतो, आधी भिंतीत खाचा पाडून चौकट उभी करू, ती वरचा भार धरील, मग आतली माती फोडू. उलटे केले तर वरचे मातीचे धाबे अंगावर.
चौकटीची पूजा सवाष्णीनेच करायची. इंदूची आई नाही. इंदूने हात लावायचा नाही. खोली तिची, आणि तिनेच लांब उभे राहायचे! शेजारणीला बोलवावे तर गावभर... गजराला कोणत्या तोंडाने

१६ मार्च
विचारले. गजरा आंघोळ करून ताट घेऊन आली. हळद-कुंकू, नारळ. आंब्याची डहाळी बांधायला हात पुरेना. पाटावर चढली, पाट डगमगला. "ताई, धरा ना! पडसू ना मी!"
इंदू धावली, दोन्ही हातांनी पाट धरला. पूजेत तिचा हात लागला. गजराने तशीच डहाळी बांधली.
खाली उतरून गजरा चौकटीकडे बघत राहिली. आत नुसती कच्ची भिंत. "हाई ते भिंतनाच दरवाजा व्हयना."
लोटन म्हणाला, "फोडू का आबा?"
म्हटले, थांब. पलीकडे उतरंड आहे.

१९ मार्च
लोटनला दुसरे काम आहे, उद्या सांगा म्हणतो.
रात्री जेवायला बसलो तर उतरंड भिंतीपासून हातभर पुढे. मागे भिंतीवर मडक्यांचे गोल काळे डाग, इतक्या वर्षांनी दिसले. कोणी सरकवली, विचारले नाही.
वाढता वाढता गजरा भांड्यांनाच म्हणाली, "माती पडी ते चूल झाकनी पडी."
भिंत फोडायची कधी, ते नाही म्हणाली.