वासिफच्या दफनासाठी जबाबावर सही मिळणेबाबत

प्रति,
मा. विजयकुमार साहेब,
कामगार कल्याण अधिकारी,
कामगार वसाहत, मुहैस्नाह, दुबई.

विषय : मयत कामगार वासिफ कोहरानी याच्या दफनासाठी सोबतच्या जबाबावर साक्षीदार म्हणून आपली सही मिळणेबाबत.
संदर्भ : दि. १५ सप्टेंबर रोजी आपली समक्ष घेतलेली भेट.

महोदय,

अर्जदार भिवा सोनू घाडी, सळई बांधणारा, खोली क्र. २१४, मूळ राहणार कणकवलीकडचा, सविनय कळवतो की,

१. मयत वासिफ अकरा वर्षे अर्जदाराच्या शेजारच्या खाटेवर होता. अर्जदाराचा उजवा हात प्लास्टरमध्ये असताना दोन महिने त्यानेच भात कालवून भरवला. दि. ९ ऑगस्ट रोजी साइटवर छातीत कळ येऊन तो वारला. आज चव्वेचाळीस दिवस तो शवागारात आहे.

२. वासिफ कोहरानी लोकांपैकी होता. आपल्या डोंगरी मुलखाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता मिळावी, या मागणीपत्रावर त्याने मोबाइलवरून नाव व फोटो दिला होता. तेव्हापासून, ज्या देशाच्या ताब्यात तो मुलूख आहे, त्या सरकारने त्याला नवा पासपोर्ट दिला नाही. आता त्यांचे इथले वकिलातीचे कार्यालय म्हणते, हा आमचा नाही. चळवळीच्या लोकांनी 'हा आमचा नागरिक' असे शिक्क्याचे पत्र पाठवले. पण दफनाची परवानगी देणाऱ्या इथल्या खात्याच्या संगणकाच्या यादीत त्या नावाचा देशच सापडत नाही. अर्जदार वकिलातीत नऊ वेळा जाऊन आला. दर वेळी 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' असे उत्तर मिळाले.

३. शेवटी सदर कार्यालयाने तोड सुचवली. वासिफने मरणापूर्वी चळवळ सोडून चूक कबूल केली होती, असे सोबत राहणाऱ्याने लिहून द्यावे, त्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही घ्यावी, म्हणजे दफनासाठी ना-हरकत पत्र मिळेल. अर्जदाराने साफ नकार दिला, कारण तसे काही घडलेले नाही. उलट आदल्याच दिवशी डबा भरताना तो म्हणाला होता, "भिवाभाई, मेरा मुल्क बनेगा तो पहला मेहमान तू."

४. त्यानंतर मयताची बायको मरियमबी हिचा फोन आला. ती म्हणाली, "भाईजान, वो जो बोलें, लिख दो. बस इन्हें मिट्टी नसीब हो." तिच्यापुढे अर्जदाराचे काही चालले नाही.

५. सबब अर्जदाराने जबाबावर अंगठा उठवला आहे. साहेबांनीही सही करावी, ही हात जोडून विनंती. मात्र त्यातला मजकूर खोटा आहे. हा अर्ज फाइलला लावल्यास दफन पुन्हा अडेल, म्हणून वाचून परत करावा. खरे काय ते एका तरी अधिकाऱ्याने वाचले, एवढे अर्जदारास पुरे आहे.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
भिवा सोनू घाडी (डाव्या हाताचा अंगठा)

अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिणार : समाधान, खोली क्र. २१४
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत : जबाब, मृत्यूचा दाखला.